प्राथमिक शाळेचा हिशेब मांडणारे जे. पी. नाईक

जुन्या मध्य प्रांतात शाळेची तपासणी हा गावचा एक लहानसा सोहळाच असे. डेप्युटी साहेब येणार म्हणून ओसरी सारवली जाई, मुले धुतलेल्या कपड्यांत येत, गुरुजींनी हजेरीपट नीट आखून ठेवलेला असे. साहेब पट पाहत, दोन-चार मुलांना वाचायला लावत, पाढे म्हणवून घेत आणि शेरेबुकात चार ओळी लिहून पुढच्या गावाची वाट धरत. त्या शेऱ्यांतून शाळेविषयी पुष्कळ कळे. इमारत गळते की नाही, फळा आहे की नाही, मुले अडखळतात की घडाघडा वाचतात, हे सारे त्यात असे. एक गोष्ट मात्र त्यात सहसा नसे. जे मूल त्या दिवशी रानात गुरे राखीत होते आणि ज्याचे नाव पटावर कधी चढलेच नव्हते, त्याची नोंद कोणत्याच शेऱ्यात नसे. शाळेचा हिशेब मांडायचा तर तो या मुलापासून मांडायला हवा, असा आग्रह ज्यांनी आयुष्यभर धरला आणि स्वतंत्र भारताच्या शिक्षणविचाराला आकड्यांची शिस्त लावली, ते जयंत पांडुरंग नाईक, म्हणजेच सर्वत्र 'जे. पी.' या आद्याक्षरांनी ओळखले गेलेले शिक्षणतज्ज्ञ, होत.

त्यांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडी या खेड्यात झाला. जन्मनाव विठ्ठल हरी घोटगे. घरची परिस्थिती बेताची. ज्या मुलाने पुढे साऱ्या देशातील शाळांचा पसारा कागदावर उभा केला, त्याचे स्वतःचे शिक्षण अडचणींतून वाट काढीतच झाले. पुढे ते जयंत पांडुरंग नाईक या नावाने ओळखले जाऊ लागले आणि हेच नाव कायम राहिले.

तरुणपणी ते सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले आणि त्यांना बेळ्ळारीच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तुरुंगात अनेकांनी ग्रंथ लिहिले, अनेकांनी भाषा आत्मसात केल्या. नाईकांनी तेथे आजारी कैद्यांची शुश्रूषा केली आणि त्या ओघात वैद्यकाचे व्यवहारोपयोगी ज्ञान मिळविले. सुटकेनंतर ते शहराकडे न वळता धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या खेड्यात जाऊन राहिले. आजाऱ्यांना औषध द्यावे, गावाच्या स्वच्छतेकडे पाहावे, शाळेकडे लक्ष द्यावे, असा त्यांचा दिनक्रम होता. मराठी माणसाने कानडी खेड्यात जाऊन बसणे, तेही कोणत्याही संस्थेचे पाठबळ नसताना, ही त्या काळातही विरळाच गोष्ट होती. पुढे दिल्लीत बसून त्यांनी जे आकडे हाताळले, त्यांमागचा चेहरा त्यांना या खेड्यात दिसलेला होता, हे त्यांचे लेखन वाचताना वारंवार जाणवते. कागदावर ज्याला 'गळती' म्हणतात, ती म्हणजे पेरणीच्या दिवसांत बापाने शेतावर नेलेला मुलगा किंवा धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन उंबऱ्याशी बसलेली मुलगी असते, हे पुस्तकातून कळणारे ज्ञान नव्हे.

यानंतर काही वर्षे त्यांनी कोल्हापूर संस्थानात विकासविषयक कामाची जबाबदारी सांभाळली. याच काळात त्यांच्या हातून एक मोठे ग्रंथकार्य झाले. सय्यद नुरुल्ला यांच्या सहकार्याने त्यांनी ब्रिटिश काळातील भारतीय शिक्षणाचा इतिहास इंग्रजीत लिहिला व तो १९४३ साली प्रसिद्ध झाला. शिक्षक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी या इतिहासाची संक्षिप्त आवृत्ती अभ्यासली आहे. पण तो केवळ पाठ्यग्रंथ नव्हता. सरकारी अहवालांतील आकडे जसेच्या तसे न स्वीकारता ते कसे काढले, कोणी काढले आणि कोणत्या धोरणाच्या समर्थनार्थ वापरले, हे तपासण्याची रीत त्या ग्रंथाने घालून दिली.

या बाबतीत हार्टोग समितीचे प्रकरण मुद्दाम सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण प्राथमिक शाळेची गुणवत्ता मोजण्याच्या प्रश्नावरचा पहिला मोठा वाद तेथेच उभा राहिला. सर फिलिप हार्टोग यांच्या अध्यक्षतेखालील या समितीचा अहवाल १९२९ मध्ये आला. समितीने एक सोपा हिशेब केला होता. १९२२-२३ मध्ये पहिलीत जितकी मुले होती, त्यांतील किती १९२५-२६ मध्ये चौथीत आढळतात? उत्तर आले, शंभरात अठरा. म्हणजे उरलेल्या ब्याऐंशी मुलांवरचा खर्च वाया गेला, असा अर्थ लावण्यात आला. यावरून निष्कर्ष असा निघाला की, नव्या शाळा काढण्याची घाई थांबवावी, निकस शाळा बंद कराव्यात आणि आहेत त्या शाळा सुधाराव्यात. ऐकायला हे अत्यंत शहाणपणाचे वाटते. सरकारी तिजोरीलाही ते सोयीचे होते.

हा हिशेब कोठे चुकतो, हे दाखविण्याचे श्रेय प्रथम र. वि. परुळेकरांना जाते. मुंबईच्या प्राथमिक शिक्षणाशी निकटचा संबंध असलेल्या या अभ्यासकाने १९३९ साली भारतातील साक्षरतेवर ग्रंथ लिहून सरकारी आकडेवारीची चिकित्सा केली. नाईक हे त्यांचे तरुण सहकारी. चूक समजून घेण्यास एक काल्पनिक शाळा पुरेशी आहे. समजा, एका गावात दरवर्षी ३० नवी मुले पहिलीत येतात. त्यांपैकी निम्मी मुले पहिलीतच एक वर्ष अधिक काढतात. पण नंतर सगळीच्या सगळी चौथीपर्यंत पोहोचतात. या शाळेत पहिलीच्या पटावर दरवर्षी ४५ मुले दिसतील आणि चौथीच्या पटावर ३०. समितीच्या रीतीने हिशेब केला तर शंभरात तेहेतीस मुले वाया गेली असे ठरेल; वस्तुतः एकाही मुलाने शाळा सोडलेली नाही. यात आणखी भर म्हणजे कित्येक खेड्यांतील शाळांना चौथीचा वर्गच नसे. तिसरीपर्यंतच शाळा असेल तर मूल चौथीत दिसणार कोठून? तो दोष मुलाचाही नव्हे आणि गुरुजींचाही नव्हे.

नाईकांचा आक्षेप मात्र केवळ गणिताचा नव्हता. गुणवत्तेचे नाव पुढे करून संख्या रोखून धरली जाते आणि त्याचा फटका नेहमी शेवटच्या वस्तीतील मुलाला बसतो, हा त्यांच्या टीकेचा गाभा होता. मोडकी शाळा बंद केली तर तेथील मूल सुधारलेल्या शाळेत जाते असे होत नाही. ते घरी बसते. सौंसर आणि पांढुर्णा या भागांत राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. कन्हान आणि जाम नदीकाठच्या काळ्या जमिनीतील मोठी गावे एकीकडे आणि सातपुड्याच्या चढावर विखुरलेले गोंडांचे ढाने व टोले दुसरीकडे. मोठ्या गावातील शाळेची गुणवत्ता हा वादाचा विषय होऊ शकतो; ढान्यावर शाळा असणे हीच पहिली गुणवत्ता असते.

तपासणीची दुसरी एक जुनी पद्धतही नाईकांनी आपल्या इतिहासात परखडपणे तपासली आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात खासगी शाळांना परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची रीत होती. जितकी मुले उत्तीर्ण, तितके रुपये. निरीक्षकाच्या एका दिवसाच्या भेटीवर शाळेचे वर्षभराचे पोट अवलंबून असे. साहजिकच गुरुजी त्या एका दिवसाची तयारी वर्षभर करीत. मुले पुस्तक उलटे धरूनही धडा म्हणू शकतील इतका तो पाठ होई. ही पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी मोडीत निघाली. पण निकाल हेच गुणवत्तेचे माप मानण्याची सवय मात्र मोडली नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली नाईकांनी मुंबईत भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली. शिक्षण या विषयात पदव्युत्तर संशोधन व्हावे, त्यासाठी स्वतंत्र संस्था असावी, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. परुळेकरांचे मार्गदर्शन या संस्थेस लाभले. मुंबई इलाख्यात १८२० ते १८३० या दशकात देशी शाळांची जी पाहणी इंग्रजी अमलाच्या आरंभी झाली होती, तिची जुनी कागदपत्रे परुळेकरांनी परिश्रमपूर्वक संपादित केली. कोणत्या गावात किती शाळा, किती मुले, कोणत्या जातीची, शिक्षकाला काय मिळते, हे सव्वाशे वर्षांपूर्वी कोणी कसे मोजले होते, ते त्यामुळे अभ्यासकांसमोर आले.

कोल्हापूर जिल्ह्यातच गारगोटी येथे श्री मौनी विद्यापीठाची जी उभारणी झाली, तीतही नाईकांचा मोठा वाटा होता. ग्रामीण भागातील मुलाला प्राथमिक शाळेपासून उच्च शिक्षणापर्यंत त्याच्याच परिसरात शिकता यावे, शेती, आरोग्य व सहकार यांचा शिक्षणाशी मेळ बसावा, ही त्यामागील दृष्टी. येथेच त्यांना चित्राताईंची साथ मिळाली. १९५५ मध्ये दोघांचा विवाह झाला. चित्रा नाईक या स्वतः अत्यंत समर्थ शिक्षणतज्ज्ञ होत्या आणि पुढे योजना आयोगाच्या सदस्यपदापर्यंत पोहोचल्या. त्यांना केवळ जे. पीं.च्या पत्नी म्हणून ओळखणे हा त्यांच्यावर अन्याय ठरेल.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यातील मराठी बोलणारा सौंसर-पांढुर्ण्याचा पट्टा नव्या मध्य प्रदेशात राहिला. त्यानंतर पाचच महिन्यांनी, म्हणजे ३१ मार्च १९५७ ही संदर्भ तारीख धरून, देशातील पहिली अखिल भारतीय शैक्षणिक पाहणी झाली. महसुली खेडे हे एकक न धरता वस्ती हे एकक धरणे, हे या पाहणीचे वैशिष्ट्य. एका महसुली गावाच्या हद्दीत चार टोले असतील आणि शाळा त्यांपैकी एकात असेल, तर जुन्या कागदांत ते गाव शाळा असलेले गाव ठरे. या पाहणीत मात्र प्रत्येक वस्ती वेगळी मोजली गेली आणि तेथील मुलाला शाळेपर्यंत किती चालावे लागते, एक मैलाच्या आत शाळा आहे की नाही, हे पाहिले गेले. देशभरात आठ लाखांहून अधिक वस्त्या निघाल्या. यापूर्वी त्यांची अशी यादीच कोणाकडे नव्हती. पटावरील मुलांऐवजी पटाबाहेरच्या मुलांकडे बोट दाखविणारी ही पहिलीच राष्ट्रीय मोजणी होय.

१९५९ मध्ये नाईक केंद्रीय शिक्षण मंत्रालयात प्राथमिक शिक्षणाचे सल्लागार झाले. हे काम त्यांनी नाममात्र वेतनावर केले. त्या वेळची परिस्थिती बिकट होती. राज्यघटनेच्या पंचेचाळिसाव्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठरविले होते. दहा वर्षांची ती मुदत १९६० मध्ये संपत होती आणि उद्दिष्ट क्षितिजावरही दिसत नव्हते. मुदत कशी पुढे ढकलावी याचा विचार इतर करीत असता नाईक मात्र कोणत्या राज्यात, कोणत्या जिल्ह्यात, मुलींच्या बाबतीत किती, आदिवासींच्या बाबतीत किती, असा तपशील मागवीत बसले.

एकशिक्षकी शाळा हा त्यांच्या विशेष आस्थेचा विषय. त्यावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. एका शिक्षकाने चार इयत्ता सांभाळायच्या, हे शिक्षणशास्त्राच्या नियमाला धरून नाही म्हणून अशा शाळांकडे अधिकारी तुच्छतेने पाहत. नाईकांनी प्रश्न उलटा केला. ज्या वस्तीत पाचपन्नासच मुले आहेत तेथे दुसरा शिक्षक मिळणार नाही, हे मान्य केल्यावर एक शिक्षक अधिक चांगले कसे शिकवू शकेल? मोठ्या मुलांनी लहानांना शिकविणे, दोन इयत्तांना एकत्र घेणे, निम्म्या मुलांना सकाळी व निम्म्यांना दुपारी बोलावणे, असे व्यवहार्य उपाय त्यांनी विचारात घेतले. शाळेला नावे ठेवणे सोपे. गुरुजींच्या हातात काय आहे ते आधी मोजावे, मग गुरुजींना मोजावे, हा क्रम त्यांनी कधी सोडला नाही. दुर्दैवाने आपल्याकडच्या बहुतेक तपासण्या अजूनही या क्रमाच्या उलट चालतात.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम १९६४ मध्ये त्यांच्याकडे आले. १४ जुलै १९६४ च्या ठरावाने भारत सरकारने शिक्षण आयोग नेमला. थोर शास्त्रज्ञ डॉ. दौलतसिंह कोठारी अध्यक्ष आणि नाईक सदस्य-सचिव. २ ऑक्टोबरला काम सुरू झाले. सतरा सदस्यांच्या या आयोगाने बारा कृतिदले व सात कार्यगट नेमले, देशभर सुमारे शंभर दिवस प्रवास केला, नऊ हजारांच्या आसपास लोकांशी बोलणी केली आणि दोन हजार चारशेहून अधिक निवेदने वाचली. २९ जून १९६६ रोजी अहवाल सादर झाला. त्यातील बराच मोठा भाग नाईकांच्या लेखणीतून उतरला, हे सर्वमान्य आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंत काम करण्याची त्यांची शक्ती सहकाऱ्यांना थक्क करणारी होती.

या अहवालातील दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध सर्वांच्या लक्षात राहिला. सहा टक्क्यांची गोष्टही वारंवार सांगितली जाते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम १९८५-८६ पर्यंत शिक्षणावर खर्च व्हावी असे आयोगाने म्हटले होते आणि ते प्रमाण त्यानंतरही गाठले गेलेले नाही. परंतु शाळेच्या मोजमापाविषयी आयोगाने जे सांगितले, त्याची चर्चा फारच थोडी झाली. आयोगाने शाळांसाठी दोन पातळ्यांवरील मानके सुचविली. एक किमान, जिच्या खाली कोणतीही शाळा असू नये; दुसरी इष्टतम, जिच्याकडे प्रत्येक शाळेने वाटचाल करावी. दहा वर्षांत निदान दहा टक्के प्राथमिक शाळा इष्टतम पातळीवर आणाव्यात आणि प्रत्येक विकासगटात एक माध्यमिक शाळा तशी असावी, असे लक्ष्य ठेवले. शाळेने आपली योजना आपणच करावी. पैशाअभावी जे होत नाही ते बाजूला ठेवून माणसांच्या कष्टाने जे होऊ शकते तेथून आरंभ करावा, असे आयोगाचे म्हणणे होते.

तपासणीच्या बाबतीत आयोगाने एक मूलभूत बदल सुचविला. शिक्षकांच्या नेमणुका, बदल्या व पगार पाहणारा अधिकारी आणि शिक्षणात मार्गदर्शन करणारा अधिकारी हे वेगळे असावेत. एकाच माणसाच्या हातात छडी आणि मार्गदर्शन दोन्ही असेल तर शिक्षक त्याला आपली अडचण सांगणार नाही, ती लपवील. दरवर्षीच्या तपासणीखेरीज तीन किंवा पाच वर्षांतून एकदा सखोल तपासणी व्हावी, असेही सुचविले होते. शाळासंकुलाची कल्पना याच धाग्यातली. एक माध्यमिक शाळा, तिच्याभोवतीच्या तीन-चार उच्च प्राथमिक व दहा ते वीस प्राथमिक शाळा यांनी एकत्र यावे, प्रयोगशाळा व पुस्तके वाटून वापरावीत, शिक्षकांनी एकमेकांचे पाठ पाहावेत. ढान्यावर एकटा पडलेला गुरुजी यामुळे कोणाच्या तरी संगतीत आला असता. काही राज्यांनी या कल्पनेचे प्रयोग केले. बहुतेक ठिकाणी ती परिपत्रकापुरती उरली.

येथे एका गोष्टीची नोंद घेणे प्रामाणिकपणाचे ठरेल. ज्या हार्टोग समितीच्या हिशेबावर नाईकांनी तरुणपणी टीका केली होती, त्या समितीची चिंता सर्वस्वी निराधार नव्हती. शिक्षण आयोगाने स्वतःच नोंदविले की, प्राथमिक शाळेच्या खालच्या टप्प्यावर मुलांतील गळती सुमारे ५६ टक्के आणि मुलींतील ६२ टक्के आहे. धनंजयराव गाडगीळ व वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाच्या पाहणीचे जे दोन अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध केले, त्यांनीही अर्ध्यावर शाळा सोडणाऱ्यांच्या हाती अक्षरओळख टिकते किती, हा बोचरा प्रश्न पुढे आणला होता. नाईकांनी हे आकडे झाकले नाहीत. रोग एकच होता. उपायावर मतभेद होता. गळती आहे म्हणून शाळा कमी करायच्या, की गळती का होते हे शोधून शाळाच बदलायची?

आयोगाच्या अहवालानंतर १९६८ मध्ये राष्ट्रीय शिक्षण धोरण आले. पण शेजारशाळेसारख्या समतेच्या शिफारशींना त्यात बळ मिळाले नाही. श्रीमंताचे व गरिबाचे मूल एकाच परिसरशाळेत यावे, ही कल्पना सत्ताधाऱ्यांना पचणारी नव्हती आणि खरे बोलायचे तर सुशिक्षित मध्यमवर्गालाही नव्हती. वेतन, आकृतिबंध आणि भाषा यांवर भांडणे झाली. खालच्या वर्गातील मुलाच्या शिक्षणावर कोणी मोर्चा काढला नाही.

१९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. नागपुरात वाढलेले धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले अध्यक्ष आणि नाईक सदस्य-सचिव. १९७८ पर्यंत त्यांनी हे पद सांभाळले व देशभरातील सामाजिक संशोधनाला एक घडी घालून दिली. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला.

पदे आणि सन्मान मिळत असताना त्यांचे मन मात्र अस्वस्थ होते. १९७५ साली त्यांनी एक छोटेखानी पुस्तक लिहिले. समता, गुणवत्ता आणि संख्या हा भारतीय शिक्षणातील त्रिकोण हाती लागत नाही, असा त्याच्या नावाचा आशय. एका बाजूला संख्या वाढविली की गुणवत्ता उतरते, गुणवत्ता धरली की समता सुटते, ही त्यांच्या दृष्टीने शिक्षणाची अटळ नियती नव्हती. पूर्ण वेळ, एकाच वयात, एकाच क्रमाने, केवळ व्यावसायिक शिक्षकाकडून शिक्षण झाले पाहिजे, हा जो साचा इंग्रजी अमलाने दिला, त्याला आपण चिकटून बसलो म्हणून तसे होते, असे त्यांचे निदान होते. नऊ-दहा वर्षांच्या मुलालाही पहिल्यांदा शाळेत येता यावे, काम करणाऱ्या मुलाला दिवसातून दोन-तीन तास शिकता यावे, गावातील जाणत्या माणसांचा शिकविण्यात उपयोग व्हावा, असे पर्याय त्यांनी मांडले. यांवर टीकाही झाली. गरिबांच्या मुलांना अपुरी शाळा आणि श्रीमंतांच्या मुलांना पुरी शाळा, अशी कायमची विभागणी यातून होईल, अशी भीती समतेच्या बाजूने बोलणाऱ्यांनीच व्यक्त केली. ही भीती अगदीच खोटी नव्हती. १९९७ मध्ये मध्य प्रदेशाने शिक्षण हमी योजना आणली. ज्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि आदिवासी भागात पंचवीस मुले आहेत, तेथे पंचायतीने मागणी करताच नव्वद दिवसांत शाळा द्यायची, असे तिचे स्वरूप होते. शाळा झपाट्याने उघडल्या. पण तेथे नेमलेले गुरुजी अल्प मानधनावरचे होते. नाईकांच्या त्रिकोणाची एक बाजू हाती आली की दुसरी निसटते, याचा हा जवळचा दाखला होय. अशी योजना त्यांनी पाहिली असती तर वस्त्यांच्या यादीबरोबर गुरुजींच्या पगाराचा रकानाही मागविला असता, असे मानण्यास त्यांचे सारे लेखन आधार देते.

त्यांच्या मागे मोजणीचे काम थांबले नाही. शैक्षणिक पाहण्यांची मालिका पुढे चालू राहिली. १९८७ पासून 'खडू-फळा मोहिमे'ने प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक व आवश्यक साहित्य देण्याचे ठरविले. म्हणजे किमान मानकाची जुनी शिफारस वीस वर्षांनी अर्धीमुर्धी अमलात येऊ लागली. १९९० नंतर शाळांची वार्षिक माहिती संगणकावर जमू लागली. २००५ पासून घरोघरी जाऊन मुलाला परिच्छेद वाचता येतो का, वजाबाकी करता येते का, हे पाहणारी 'असर' पाहणी सुरू झाली. शाळेच्या दाराशी न थांबता घराच्या ओसरीवर जाऊन मोजण्याची ही रीत नाईकांच्या दृष्टीला जवळची. खोल्या, फळे व शिक्षक वाढूनही पाचवीतील पुष्कळ मुलांना दुसरीचे वाचन जमत नाही, हे तिने वर्षानुवर्षे दाखविले, तेव्हा साधनांची मोजणी आणि शिकण्याची मोजणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वांना मान्य करावे लागले.

नाईकांनी १९७६ मध्ये भारतीय शिक्षण संस्था पुण्यास आणली. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ते पुन्हा आरोग्याच्या प्रश्नाकडे वळले. बेळ्ळारीच्या तुरुंगात सुरू झालेला तो धागा असा पन्नास वर्षांनी पुन्हा हाती आला. सर्वांसाठी आरोग्य या विषयावर सामाजिक विज्ञान व वैद्यकीय संशोधन या दोन्ही परिषदांच्या अभ्यासगटाचा अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला; त्याचे काम मुख्यतः त्यांनीच रेटले. त्याच सुमारास ते शिक्षण आयोगाचे पुढे काय झाले याचा आढावा लिहीत होते. स्वतःच ज्या अहवालाचे सचिव होतो, त्याच्या अपयशाचा जमाखर्च स्वतःच मांडायचा, कोणती शिफारस कोठे अडली, कोणती मुळातच चुकीची होती, हे न लपविता सांगायचे, असा हा ग्रंथ आहे. सरकारी आयोगांच्या इतिहासात असे उदाहरण दुसरे सापडणे कठीण. तो ग्रंथ १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखक हयात नव्हते. ३० ऑगस्ट १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची चौऱ्याहत्तर वर्षे पूर्ण होण्यास सहा दिवस उरले होते. तो वाढदिवस देशभर शिक्षक दिन म्हणून पाळल्या जाणाऱ्या दिवशीच येत असे.

चित्राताईंनी पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत १९७९ पासून प्राथमिक शिक्षणाचा जो प्रयोग सुरू केला होता, तो पुढे कित्येक वर्षे चालला. नऊ ते चौदा वर्षांची, शाळेत कधी न गेलेली किंवा मध्येच शाळा सोडलेली मुले दिवसाची कामे आटोपून संध्याकाळी त्या वर्गांना येत. त्यांत मुलींची संख्या अधिक होती.